फाटकावरची झडती

सकाळी नऊ वाजता न्यायालयाच्या फाटकावर झडती घेणाऱ्या पोलीसबाईंनी एका गरोदर मुलीला थांबवलं.

"पोटाला हात लावून बघावं लागेल."

"अहो मावशी, आठवा महिना आहे मला."

"दिसतंय गं. तरी बघावं लागतं."

"स्वतःला लेकरंबाळं आहेत की नाही या बाईला?" रांगेतल्या एका आजींनी टोमणा मारला.

पोलीसबाईंनी दोन्ही हातांनी मुलीचं पोट चाचपलं. आतून एक लाथ बसली, तशा त्या तिथंच मटकन खाली बसल्या.

गेल्या सोमवारी अशाच एकीला त्यांनी हात न लावता, "जपून जा गं," म्हणत आत सोडलं होतं. तिच्या पोटावर स्फोटकं बांधलेली होती.

मृतांचा आकडा आज सकाळी सव्वीसवर गेला.