भावाची सही

बावीस लढतींत एकदाही न हरलेली बॉक्सर डोकं ठणकतं म्हणून पहिल्यांदाच एकटी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली. "मेंदूत रक्त साकळलं होतं. पुन्हा रिंगमध्ये उतरू नका, असं दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तुम्ही शुद्धीवर नव्हता, भावाने सही केलीय." सही दादाचीच होती, तिचा प्रशिक्षकही तोच. त्यानंतर त्याने तिला सहा लढतींत उतरवलं होतं. व्यायामशाळेत तो नेहमीसारखा तिच्या हातांना पट्ट्या गुंडाळू लागला. "दादा, डॉक्टर काय म्हणाले होते?" तो ओशाळला नाही. "तू जिंकत होतीस. उगीच कशाला घाबरवायचं?" तिने पट्टी सोडवून त्याच्या हातात ठेवली. संध्याकाळी पत्रकारांनी निवृत्तीचं कारण विचारलं. समोर पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे बघून ती म्हणाली, "कंटाळा आला." शेजारी बसलेला दादा पुटपुटला, "शहाणी आहेस." तिने आपली खुर्ची त्याच्यापासून लांब सरकवली.