जेवणाच्या सुट्टीतली वीज

बेदाण्याच्या शेडमध्ये बाया पदरानं वारा घेत भाकरी खात होत्या. मीटरला जोडलेल्या बोलक्या एआय यंत्रानं वर्षभराचा वीजवापर पाहिला होता. आता ते सगळ्यांदेखत मालक बाबगोंडांना सोलर-बॅटरीचा आराखडा सांगत होतं.

"रोज जेवणाच्या सुट्टीत इथले पंखे बंद असतात. नेमकं तेव्हाच ऊन भरपूर, बॅटरीही भरलेली. ती वीज वायाच जाईल. आराखड्यात पुढची पंचवीस वर्षं हीच पद्धत धरू का?"

बाबगोंडांनी मान खाली घातली. पद्धत त्यांचीच होती.

बायांमधली म्हातारी रत्नाक्का घाईनं यंत्राला म्हणाली, "पंखे आम्हीच बंद करतो, बाबा. वाऱ्यानं भाकरी वाळती."

"पण बटण मालकांच्या केबिनमध्ये आहे," यंत्र म्हणालं. "तिथला एसी तेव्हा चालू असतो."

रत्नाक्कानं हलता पदर गुपचूप मांडीवर ठेवला. बाबगोंडांना वर बघवेना.