रिठ्याचं बी

दानम्माला खड्ड्यात मांडी घालून बसवलं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले, आणि वर मन्मथअप्पांनी माइक हातात घेतला. उदगीरच्या लिंगायत समाजात माती कुणाचीही असो, मन्मथअप्पांच्या भाषणाशिवाय ती लोटली जात नसे. आणि एकदा माइक हाती आला की तो सहजी सुटतही नसे.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले, "मठाच्या दासोहात या माउलीनं भाकरी थापल्या. हजारोंना जेवू घातलं. चार लेकरं वाढवली, सासू-सासऱ्याचं शेवटपर्यंत केलं. पण स्वतः? लिंगपूजा झाल्याबिगर कधी पाण्याचा थेंब तोंडात घेतला न्हाई!"

बायकांत हुंदका फुटला. खड्ड्याच्या काठाशी दानम्माचे मालक, बसलिंगप्पा, मान खाली घालून उभे होते. पुढं काय येणार ते त्यांना ठाऊक होतं. सकाळपासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला थोरल्या लेकानं, संगमेशनं, तेच सांगितलं होतं.

"अन् लातूरच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना, शेवटच्या दिवसापर्यंत पूजा चुकवली न्हाई! अशी माणसं आता हायेत का?"

चालू द्या, मन्मथअप्पा, असंच चालू द्या, बसलिंगप्पा मनात म्हणाले. कारण भाषण संपलं की मठाचे स्वामी खाली उतरणार होते, दानम्माच्या गळ्यातली चांदीची डबी उघडणार होते आणि आतलं इष्टलिंग तिच्या डाव्या हातावर ठेवणार होते. त्या डबीत इष्टलिंग नव्हतं. रिठ्याचं बी होतं.

लिंग बसलिंगप्पांनीच घालवलं होतं. तपासणीच्या मशीनमध्ये घालण्याआधी नर्सनं बेशुद्ध दानम्माच्या गळ्यातली डबी काढून त्यांच्या हातात दिली, तेव्हा दोऱ्याला आणि झाकणाला कुणाचं तरी रक्त लागलं होतं. तशीच परत गळ्यात घालायची? त्यांच्या जिवावर आलं. शुद्ध करून द्यावी म्हणून ते बेसिनपाशी गेले, लिंग तळहातावर घेतलं आणि नळाखाली धरलं. बेसिनला जाळी नव्हती. बोराएवढं लिंग ओल्या हातातून निसटलं आणि भोकातून खाली गेलं. सफाईवाल्या बाईनं पाइप खोलून दिला. आत केसांचा गुंता निघाला, दुसरं काही नाही.

शुद्धीवर आल्यावर दानम्मा म्हणाली, "आधी माझं लिंग द्या, मग पेज." दोन दिवस हेच. साखर खाली आली, डॉक्टर त्यांच्यावर ओरडले. खरं सांगावं तर तिनं कायमचंच अन्न सोडलं असतं. लिंग हरवलेल्या माणसानं जगू नये असं मानणाऱ्या घरातली ती. तिसऱ्या दिवशी बसलिंगप्पांनी कोपऱ्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून रिठे आणले. एक फोडला आणि आतलं काळंभोर बी डबीत ठेवलं. दानम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तिला दिवस-रात्रीचा फरक तेवढा कळे.

तिनं बी डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं, चमच्यानं पाणी घातलं आणि थांबली.

"लई हलकं लागायलंय हो."

"सलाईननं हात सुजलाय तुझा. त्यानं तसं वाटतंय."

दानम्मानं त्यांच्या आवाजाकडं तोंड वळवलं.

"हाव, तसंच असंल," ती म्हणाली. "तुम्ही जेवलाव का? न्हाई? मग आणा पेज. दोघं खाऊ."

अकरा दिवस पूजा झाली. अकरा दिवस ती जेवली. बाराव्या दिवशी गेली.

माइक बंद झाला. स्वामी खड्ड्यात उतरले. वयानं संगमेशपेक्षाही लहान, पण हात सराईत होते. त्यांनी दानम्माच्या गळ्यातला दोरा सोडवला, डबी उघडली आणि ते थबकले. बोटानं आतलं काळं बी फिरवून पाहिलं. मग वर पाहिलं.

बसलिंगप्पा खड्ड्यात उतरायला लागले होते.

"अप्पा, पडताव की!" संगमेशनं दंड धरला. त्यांनी तो झटकला आणि घसरतच खाली गेले.

"हे काय हाय, अप्पा?" स्वामींनी हळू आवाजात विचारलं.

बसलिंगप्पांना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती, की वरच्या कुणाला ऐकू जाईल आणि आता आता कानावर पडलेलं ते सगळं कौतुक खोटं ठरेल. त्यांनी स्वतःच्या गळ्यातला दोरा मानेवरून काढला. आपली डबी उघडली, आतलं लिंग दानम्माच्या डाव्या हातावर ठेवलं आणि तिची गार बोटं एकेक करून मिटवली.

"अन् तुम्ही?" स्वामी म्हणाले. "आता तुम्ही कशाची पूजा करणार?"

"ते द्या इकडं. अकरा दिवस पूजलंय तिनं त्याला."

स्वामींनी बी त्यांच्या तळहातावर ठेवलं. वरून बेलाची पानं पडायला लागली. 'हर हर महादेव'चा गजर झाला. संगमेश त्यांना वर घ्यायला हात पुढं करून उभा होता.

बसलिंगप्पा तिथंच उभे राहिले. त्यांनी तळहात वर-खाली करून पाहिला. पुन्हा केला. हातावर काही ठेवलंय असं वाटतच नव्हतं.

"हलकं हाय गं," ते दानम्माला म्हणाले. "लईच हलकं हाय."