राजनंदिनी काय म्हणाली

आदितीनं तोंडासमोर कागद धरला आणि त्यामागून हळूच ‘श्श’ केलं. राजनंदिनीनं हातातली लाल रिंग लगेच खुंटीवर टाकली. ‘म’ म्हटल्यावर पिवळी टाकली. तिला सगळं ऐकू येत होतं. ती फक्त बोलत नव्हती.

कागद ठेवून आदिती खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा खाली बसली. या एका मुलीनं तिला कितीतरी दिवस चैन पडू दिलं नव्हतं. राजनंदिनी जन्मापासून बहिरी. ऑपरेशन करून कानात इम्प्लांट बसवलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं. कानामागचं मशीन दिवसभर सुरू असायचं, ते आदितीनं पुन्हा पुन्हा तपासलं होतं. तिच्याबरोबर सुरुवात केलेली मुलं आता पाणी मागत होती, भांडत होती, एक तर खोटंही बोलायला लागला होता. ही मात्र अजून हाताला धरून माठाकडं ओढत न्यायची. बोलणं शिकायचं वय असं हातातून निसटतं आणि मग ते परत येत नाही, हे आदितीला चांगलं माहीत होतं. मंगळवार पेठेतल्या आपल्या स्पीच थेरपीच्या खोलीत बसून ती ते निसटताना बघत होती.

दोष कुणाचा, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. राजनंदिनीच्या आईचा, मोनाचा.

मोनाला तिनं किती वेळा सांगितलं होतं. भाकरी थापताना, म्हशीची धार काढताना, केस विंचरताना पोरीशी बोलत राहा. कानावर पडेल तेच तिच्या तोंडातून येईल. मोना मान हलवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा तशीच मुकाट येऊन बसायची. तिचा नवरा सम्राट तिच्या अगदी उलट. दुधाची गडबड टाकून तो प्रत्येक वेळी दोघींना कळंब्याहून गाडीवर घेऊन यायचा. ऑपरेशनसाठी सगळी धावपळ त्यानंच केलेली. जिना चढताना पोरगी त्याच्या खांद्यावर असायची. मोनाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही तोच द्यायचा, हसत, भरभरून. अशा बापाच्या घरात पोरगी मुकी राहतेच कशी, असं आदितीला वाटायचं.

“आमच्या घरात समदी बोलत्यात, मॅडम,” आज आल्या आल्या तो म्हणाला होता. “हीच तेवढी मुखदुर्बळ हाय. ह्या महिन्यात बघूया, न्हायतर बंद करूया आता.”

ते ‘बंद’ आदितीच्या डोक्यातून जाईना. तिनं रिंगा बाजूला सारल्या. मोनाला पोरीसमोर चटईवर बसवलं आणि जरा तोडूनच सांगितलं की आज मी एक अक्षर बोलणार नाही. सकाळी घरात काय काय झालं ते तुम्ही हिला सांगायचं.

मोनानं आधी सम्राटकडं पाहिलं.

“सांग की,” तो म्हणाला आणि मोबाईलमध्ये बघू लागला.

मोना बोलू लागली. सुरुवातीला आवाज परवानगी मागितल्यासारखा होता. सकाळी रेडकू सुटलं. दावं ओढत थेट सैपाकघरात आलं. मग तिचा आवाज हळूहळू मोकळा झाला. रेडकानं पिठाच्या डब्यात तोंड घातलं. पांढरं तोंड घेऊन बाहेर पळालं, तर त्याची आईच त्याला ओळखेना, हुंगून हुंगून बघायला लागली. म्हैस कशी मान वाकडी करून बघत होती ते मोनानं करून दाखवलं. तिला स्वतःलाच हसू आलं. आदिती थक्क होऊन ऐकत होती. या बाईकडं इतकं बोलणं होतं.

राजनंदिनी आईच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मग तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं आईसमोर हाताचा पंजा धरला.

“ए, गप,” ती म्हणाली.

अगदी स्पष्ट. ‘प’वर ओठ घट्ट मिटलेले. नुसता शब्द नव्हता, सूरही होता, वर उचलून एकदम खाली आपटलेला.

सम्राट उडी मारून उठला. बोलली, माझी पोरगी बोलली, असं म्हणत त्यानं तिला वर उचललं, तिचे मुके घेतले. आदितीचेही डोळे भरून आले. तिनं टाळी वाजवायला हात पुढं केले आणि तिची नजर मोनाकडं गेली.

मोना थांबली होती. दचकून नाही, वाईट वाटूनही नाही. वाक्य अर्ध्यावर सोडून, मान खाली घालून ती बसली होती. रोज थांबत असावी तशी.

आदितीचे हात तसेच राहिले.

सम्राटनं तोवर गावाकडं आईला फोन लावला होता. झुंबरबाईंचा आवाज खोलीभर घुमला. नात बोलली म्हटल्यावर त्यांना रडू फुटलं. देवाची नावं घेऊन झाली. मग त्यांनी विचारलं, “काय म्हणाली रं? आई म्हणाली का आजी म्हणाली?”

“अगं, ती म्हणाली...” सम्राट बोलता बोलता अडखळला. त्यानं पोरीकडं पाहिलं, मग मोनाकडं.

“सांग की. काय म्हणाली?”

मोना उठली. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला.

“‘ए, गप’ म्हणाली, आत्ती. मला,” ती म्हणाली. “अगदी ह्यांच्यासारखं.”