गरज पडली तरच

रोहिदासची मुकी-बहिरी आई हातांच्या खुणांनीच बोलायची. त्याच्या आखातातल्या कंपनीत व्हिडिओ कॉल बंद होते. व्हीपीएन लावून ते करता येत, पण तसं करताना सापडलेल्या दोघांना घरी पाठवलं होतं. म्हणून गरज पडली तरच लावायचं, असं त्याने ठरवलं. दोन दिवाळ्या गेल्या, त्याने लावलं नाही.

मग बहिणीचा फोन आला. "दादा, आई दवाखान्यात आहे. आता तरी दिस तिला!"

त्याने बाथरूमची कडी लावली, व्हीपीएन सुरू केलं आणि फोन नळाला टेकवला. आई दिसली. त्याने खुणेनं विचारलं, "कशी आहेस?"

आईचे डोळे भरले. हात मात्र चादरीवर तसेच पडून राहिले.

"अंगावरून वारं गेलंय रे तिच्या," बहीण म्हणाली.

बाहेरून दार वाजलं. तरी तो खुणा करत राहिला.