कबुलीचा दिवस

मनुष्याच्या हातून घडलेले प्रत्येक कृत्य अपराध नसते, आणि त्या दोहोंतील भेद पाहण्यासाठीच न्यायासन असते. परंतु जुनी किरकोळ प्रकरणे एकाच दिवसात निकाली काढायची ठरली, की तो भेद पाहण्यास सवड कोणाला?

परभणी जिल्ह्यातील त्या तालुका न्यायालयात सकाळपासून हेच चालले होते. शिपाई पुकारा करी. आरोपी पिंजऱ्यात उभा राही, "कबूल" म्हणे, आणि थोडासा दंड भरून एसटी गाठी. गरिबांची प्रकरणे विनामूल्य चालवणारे वकील शंतनु यांनी आपल्या साऱ्या अशिलांना हा एकच शब्द पढवून ठेवला होता. सरजाबाईंनाही.

"सरजाबाई आश्रुबा, हाजीर हो."

साठी उलटलेल्या सरजाबाई पिंजऱ्यात आल्या. गावच्या सरकारी दवाखान्याचे कुलूप फोडून त्या आत शिरल्या, असा सात वर्षांपूर्वीचा आरोप होता. न्यायाधीश निवेदिता यांनी तो वाचून दाखवला. "गुन्हा कबूल आहे?"

"न्हाई."

शंतनु यांची लेखणी थांबली. सरकारी वकील गोविंदराव हसले. "मावशी, मग कुलूप काय वाऱ्यानं तुटलं?"

"वाऱ्यानं कशाला? मीच तोडलं की. घरून वरवंटा नेला होता. पुन्यांदा तसं झालं तर पुन्यांदा तोडीन. पर गुन्हा न्हाई केला."

दालनात खसखस पिकली. शंतनु लगबगीने पिंजऱ्यापाशी गेले. "मावशी, काय ठरलं होतं आपलं? एक शब्द बोला अन् दुपारच्या गाडीनं घरी जा. नाहीतर लय तारखा पडतील."

"पडू द्या की. ठरवलं तुमी, साहेब. मला कवा इचारलं?"

शंतनु यांनी खरोखरच विचारले नव्हते. कुलूप का फोडले, हे त्या सात वर्षांत कोणीच विचारले नव्हते.

न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. "आजी, नाकबूल म्हटलंत तर खटला चालेल. शिक्षाही होऊ शकते. तुमच्या बाजूनं सांगणारं कोणी आहे का?"

"हाय की. भाईर बाकड्यावर पेरू खायलीय."

साऱ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बाकावर सुकेशनी नावाची त्यांची शेजारीण बसली होती, आणि तिला रेलून शाळेच्या गणवेशातली तिची लेक, अर्पिता, पेरू खात होती.

"ही सुकेशनी त्या दवाखान्याच्या ओट्यावर अडली होती," सरजाबाई म्हणाल्या. "आत खाट, पाणी, दिवा, समदं हाय. भाईर कुलूप. नर्सबाईचा फोन लागंना, गाडी येईना. मी कुलूप तोडलं, तवा ही पोर आत जन्मली." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "आता मी कबूल म्हणलं, तर उद्या शाळंत हिला कुणीबी म्हणंल, तुझा जन्म गुन्ह्यात झाला. मग मी हिला काय सांगू?"

कोणी हसले नाही. गोविंदरावांनी मान खाली घातली आणि हातातले कागद उगाच सारखे केले.

शंतनु आपल्या जागी परतले. काळा कोट नीट करून ते ताठ उभे राहिले. सकाळपासून ते प्रथमच असे उभे राहिले होते.

"आरोपीस गुन्हा मान्य नाही. आम्ही खटला लढवू."

न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. बाहेर अर्पिताने उरलेला अर्धा पेरू सरजाबाईंपुढे धरला. तो खात खात तिघी एसटी स्थानकाची वाट चालू लागल्या. त्यांना पुढच्या प्रत्येक तारखेला, आणि तारखांच्या पलीकडेही, दारे उघडी मिळोत.