पाठमोरी आई

"कट!" ती ओरडली आणि हेडफोन काढून खुर्चीवर आपटला. पुन्हा तेच. सेटवरच्या स्वयंपाकघरात आई झालेली नटी भांडी विसळत होती, दारात बाप तणतणत होता, मुलगी बॅग उचलून घराबाहेर पडत होती आणि आई काही मागे वळत नव्हती. सगळं लिहिलं होतं तसंच. तरी प्रसंगात जीव नव्हता.

प्रसंग तिचाच होता. सिनेमा शिकायला ती निघाली, त्या दिवशी आईने अशीच पाठ फिरवली होती. जा म्हणाली नाही, नको जाऊस म्हणाली नाही. त्या पाठीवरच पुढे तिची सगळी कारकीर्द उभी राहिली. कुणा बड्या निर्मात्याच्या दारात न जाता तिने जे सिनेमे लिहिले, केले, त्या प्रत्येकात कुठे ना कुठे एक पाठमोरी आई होती. समीक्षकांनी त्या अबोल रागाचं तोंडभरून कौतुक केलं होतं. आता मूळ प्रसंगच ती जसाच्या तसा चित्रित करत होती आणि मुद्दाम आईला बोलावून घेतलं होतं. बघू दे एकदा, काय केलं होतं ते. आई मॉनिटरपाशी अवघडून बसली होती.

ती येरझाऱ्या घालू लागली. बाहेरचा उजेड उतरत चालला होता. कॅमेरामनने दोनदा घड्याळाकडे बघितलं.

"मला एक सांग," नटी हात पुसत म्हणाली, "ही बाई चिडलीय, की खचलीय? मला तिचा चेहराच सापडत नाहीये."

"चेहरा दिसणारच नाहीये तुमचा."

"अगं, पण पाठीला कळतं ना!"

इतक्या वर्षांत तो दिवस तिने असंख्य वेळा आठवला होता, पण नेहमी दाराकडून. आईच्या समोर उभं राहून कधीच नाही. ती मॉनिटरपाशी आली.

"आई, तेव्हा तू... रडत होतीस का गं?"

"छे!" आई ओशाळली. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणत म्हणाली, "हसत होते. तू खरंच निघालीस म्हणून हसू काही केल्या आवरेना. ह्यांना दिसलं असतं, तर जाऊ दिलं असतं का तुला?"